बिनपडद्याचा कॉम्प्युटर

“आणि टीव्ही कुठाय, ताई?” रिक्षावाल्यानं विचारलं.

“कसला टीव्ही?”

“ह्या डब्यावर ठेवायचा. कॉम्प्युटरचा. न्यायचा इसरलाय बघा तुम्ही.”

“विसरलो नाही,” शेजारून कुंभोजकर म्हणाले. “तो हापिसातच ठेवला. आम्हाला काय उपयोग त्याचा?”

रिक्षावाल्यानं आरशातून आम्हा दोघांकडं नीट बघितलं असावं, कारण एकदम “हां हां” म्हणाला आणि रिक्षा उगाच हळू चालवायला लागला. आंधळं माणूस बसलं की रिक्षावाले हळू जातात. खड्डे तेच, धक्के तेच, फक्त वेळ जास्त. मी डबा मांडीवर धरून बसले होते. चांगलाच जड होता आणि त्याचा कोपरा पोटात रुतत होता. शनिवारची दुपार, कराडचं ऊन, आणि मला मनापासून वाटत होतं की हा डबा कृष्णेच्या पुलावरून खाली सोडून द्यावा आणि घरी जाऊन झोपावं.

इतकी वर्षं झाली, पण त्या दोन-तीन दिवसांतलं पहिलं काय आठवत असेल तर तो शीण.

मी एका दूध संघात टेलिफोन ऑपरेटर होते. लहानपणी गोवरात डोळे गेले, अंधशाळेत शिकले, आणि उमेदीची सगळी वर्षं त्या बोर्डासमोरच्या खुर्चीत गेली. शीतकेंद्र, चेअरमनांचं घर, जनावरांचे डॉक्टर, सगळे नंबर तोंडपाठ. मग संघानं नवं एक्स्चेंज घेतलं. त्यात एक मुलगी बोलायची, “विक्री विभागासाठी एक दाबा.” ती मुलगी चहा पीत नव्हती आणि रजा मागत नव्हती. माझा बोर्ड पोत्यात गुंडाळून गोदामात गेला, आणि मी रोज रिकाम्या टेबलाशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून राहायला लागले. काही न करता बसून माणूस किती दमतं, हे तसं बसलेल्यालाच ठाऊक.

घोरपडे साहेब म्हणजे आमचे जनरल मॅनेजर. माणूस वाईट नव्हता. त्यांनी बोलावून सरळ सांगितलं होतं, “मंदाताई, आवक-जावकमध्ये एक जागा आहे. पत्र टाइप करून प्रिंट काढता आली पाहिजे. पण शेजारी कुणी बसून तुम्हाला वाचून दाखवायचं, असं नको. मला एक माणूस पाहिजे, दोन नाहीत. सोमवारी माझ्यासमोर एक पत्र काढून दाखवा. नाही जमलं तर स्वेच्छानिवृत्ती घ्या आणि मानानं घरी जा.”

कॉम्प्युटरला बोलतं करणारं एक सॉफ्टवेअर संघाच्या त्या मशीनवर टाकलेलं होतं, पण ते नुसतं चाचणीपुरतं. थोडा वेळ बोलायचं आणि मधेच मुकं व्हायचं. मग सगळं बंद करून पुन्हा चालू करायचं. तोवर अर्ध्या वाक्यात मी काय लिहीत होते, ते डोक्यातून गेलेलं असायचं. ते विकत घेऊ का म्हटल्यावर किंमत ऐकून साहेब आधी हसले आणि मग खोकले.

म्हणून कुंभोजकर. दिगंबर कुंभोजकर शाळेत माझ्या पुढं होते. सांगलीला एका बँकेत तेही ऑपरेटरच, घरी एकटेच राहायचे. ऑपरेटर लोकांची एक जात असते. लाइन मोकळी असली की आम्ही एकमेकांना उगाच फोन लावायचो. “काय म्हणतंय कराड?” “दूध नासलं. सांगली काय म्हणतीय?” एवढंच. माझ्या अडचणीचं ऐकल्यावर ते म्हणाले होते, “शनिवारी येतो. मशीनच्या आतलं सगळं बदलून लिनक्स टाकू. त्यातला आवाज मधेच थांबत नाही, आणि कुणाला पैसे द्यायचे नाहीत. जगभरातल्या लोकांनी मिळून केलेलं आहे. आपल्यासारख्यांनीही.”

साहेबांनी मशीन घरी न्यायला परवानगी दिली. “बिघडवलंत तरी चालेल, तसंही ते धूळच खात पडलेलं असतं,” म्हणाले.

घरी माझा धाकटा भाऊ हणमंत, त्याची बायको शालन आणि मी. लग्न झालं नाही म्हणून मी भावाकडं, आणि भावानं कधी वाकडा शब्द काढला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं त्याचा राग आलेला सांगायचा आहे.

“अगं बाई, आणि टीव्ही?” शालननं दारातच विचारलं.

“तुम्ही सगळे एकच प्रश्न ठरवून विचारता काय गं?”

माझ्या खोलीत पलंगाशेजारी स्टूल होतं, त्यावर डबा ठेवला. कळफलक मांडीवर. स्पीकर नव्हता, पण कुंभोजकरांकडं इअरफोन होता. त्याचं एक बोंडूक त्यांनी माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतःच्या कानात घातलं. वायर आखूड, त्यामुळं आम्हाला खांद्याला खांदा लावून बसावं लागलं. शालन चहा घेऊन आली ती दारातच थबकली. कपबशी किणकिणली.

“काय चाललंय म्हणावं?”

“कॉम्प्युटर शिकतोय, वहिनी,” कुंभोजकर म्हणाले.

“असं होय,” शालन म्हणाली, आणि कप ठेवून गेली. स्वयंपाकघरात गेल्यावर ती हसली, ते मला ऐकू आलं.

कुंभोजकरांनी सीडी दिली. तिच्या वरच्या बाजूला त्यांनी ब्रेलचा एक ठिपका चिकटवलेला होता, म्हणजे उलटी जाऊ नये. “आता चालू करा. एक बारीक शिट्टी वाजेल. वाजली की एस दाबायचं आणि एंटर. तेवढंच लक्षात ठेवा. पुढचं तो विचारत जातो, आपण सांगत जायचं.”

डबा घुमायला लागला. शिट्टी वाजली. एस. एंटर. मग बराच वेळ नुसती घरघर, आणि एकाएकी कानात एक पुरुष बोलायला लागला. नाकातून, पत्र्याच्या डब्यात तोंड घातल्यासारखा, इंग्रजी. भाषा कोणती?

“इंग्लिश,” मी म्हटलं.

कुंभोजकर खो खो हसले. “बाई, तोंडानं नाही. कळ दाबायची.”

काय करणार? इतकी वर्षं कानात कुणी काही विचारलं की तोंडानं उत्तर द्यायची सवय. पुढच्या प्रश्नालाही मी “जरा थांबा हं” म्हणाले. तो थांबला. त्याचं हे एक मला आवडलं. प्रश्न विचारून तो थांबायचा. माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला विचारायचा नाही. डॉक्टरकडं गेले तर डॉक्टर हणमंतला विचारतात, “यांना कधीपासून दुखतंय?” दुकानात बाई शालनला विचारते, “यांना कुठला रंग आवडेल?” हा पत्र्याचा माणूस सरळ मलाच विचारत होता. देश कोणता? मशीनला नाव काय ठेवू? तुमचं नाव काय?

मग म्हणाला, पासवर्ड.

“टाका काहीतरी,” कुंभोजकर म्हणाले आणि त्यांनी कानातलं बोंडूक काढलं.

“काय टाकू?”

“ते मला नाही विचारायचं.”

मला एकच आकडा सुचला. हणमंतच्या स्कूटरचा नंबर. बँकेच्या कार्डाला तोच, कपाटाच्या कुलपाला तोच, सगळीकडं हणमंतनंच लावून दिलेला. मी तो टाइप केला, आणि माझ्या लक्षात आलं की कानात काहीच वाजत नाही. आतापर्यंत प्रत्येक अक्षर बोलून दाखवणारा माणूस एकदम मुका.

“अहो, हे पण बंद पडलं.”

“नाही पडलं. तिथं तो बोलत नाही.”

“का?”

“शेजारच्यानं ऐकलं तर?”

मी एंटर दाबलं. तेव्हा त्यावर फार विचार केला नाही. डोकं दुखत होतं.

पुढं त्यानं विचारलं, या मशीनवरचं जुनं सगळं पुसू का? पुसलं की परत मिळणार नाही. होय की नाही? कुंभोजकर म्हणाले, “हे तुमचं तुम्ही दाबा.” मी होय म्हटलं. आणि डबा आपल्या कामाला लागला, नवं सगळं आत उतरवून घ्यायचं. याला बराच वेळ लागतो, कुंभोजकर म्हणाले, त्याला त्याच्या मनानं करू द्या. त्यांची परतीची गाडी होती. मराठीची कळ कुठून चालू करायची, प्रिंट कशी द्यायची, सगळं त्यांनी माझ्याकडून घोकून घेतलं, आणि मी त्यांना कोपऱ्यावरच्या रिक्षापर्यंत सोडायला गेले. दोन आंधळी एकमेकांना सोडायला निघालीत म्हणून शालन पुन्हा हसली. मीही हसले असेन.

परत आले तर खोली शांत होती. डब्याची घरघर नव्हती.

“आक्का, आगं वेळेत आलो म्हणून वाचलं बघ,” हणमंत म्हणाला. तो पलंगावर बसला होता. त्याच्या अंगाला वार्निशचा वास येत होता. स्टँडजवळ त्याचं पंप-मोटारी भरायचं दुकान आहे, जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं. “डबा नुसता घुमत हुता. हात लावला तर ही एवढा तापलेला, आन् समोर काय बी न्हाई. मोटार घुमती आन् फिरत न्हाई म्हंजे जळणार. वायरच उपटली मी. नशीब.”

मी खाली बसले. पलंगावर नाही, जमिनीवर.

“काय झालं गं?”

“ते चालू होतं, हणमंत.”

“कुठं चालू? मी बघितलं की. काय म्हंजे काय नव्हतं.”

“तू बघितलंस,” मी म्हटलं. “बघितलंस ना? झालं मग.”

त्याला पटेना. त्यानं वायर परत जोडली, बटण दाबलं. डबा घुमला. शिट्टीही वाजली, पण परत एस दाबून पहिल्यापासून सुरू करावं, हे मला सुचलंच नाही. मी इअरफोन कानात घालून पुष्कळ वेळ बसले. काही नाही. जुनं पुसलं होतं, नवं अर्ध्यात कापलं होतं. कान पहिल्यांदा आंधळे झाल्यासारखे वाटले. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेवढाही जोर नव्हता.

हणमंत माझ्याजवळ खाली येऊन बसला आणि म्हणाला, “आक्का, खरं सांगू का? झालं हे बरंच झालं. सोमवारी मी येतो साहेबांकडं. म्हणतो, न्हाई जमलं. तू निवृत्ती घे. किती दिवस धडपडणार तू? घरात काय कमी हाय तुला?”

“काही कमी नाही.”

“मग? दुपारी पडून ऱ्हायचं. रेडिओ ऐकायचा.”

“बरं,” मी म्हटलं.

अगदी मनापासून म्हटलं होतं. ते तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या क्षणी मला कुणी विजेची वायर उपटावी तसं उपटून बाजूला ठेवलं असतं तरी चाललं असतं. मी जेवले आणि झोपले. झोपही चांगली लागली.

रविवारी मटण होतं. शालनच्या हाताला चव आहे. जेवणं झाली, हणमंत बाहेरच्या सोप्यात आडवा झाला, शालन भांडी आवरून पदराला हात पुसत आली. माझा मोबाइल नेहमी तिच्याकडंच असायचा. साधा होता, बोलत नव्हता. मला त्यावर फोन लावता यायचा, पण आलेला मेसेज तिनं वाचायचा, उत्तर तिनंच लिहायचं. कुंभोजकरांचा फोन बोलका होता, ते मेसेज पाठवायचे.

“आक्का, तुमच्या कुंभोजकरांचा मेसेज आलाय,” ती म्हणाली, आणि सोप्यातल्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात वाचला, “‘झालं का? काल घरी पोचलो. कानात अजून तुमचं जरा थांबा हं वाजतंय.’”

सोप्यातून हणमंतचं हसू आलं. “काय वाजतंय?”

“जरा थांबा हं, म्हणं,” शालन म्हणाली. दोघंही हसले. वाईट भावना नव्हती, मला माहीत आहे. घरात चेष्टा होतेच. “मग काय लिहू? न्हाई झालं, असं लिहू?”

“काही लिहू नकोस.”

“आवो, वाट बघत असतील.”

“लिहू नको म्हटलं ना, शालन.”

मी इतक्या जोरात बोलले की ती चपापली. “बरं बाई,” म्हणाली, आणि मोबाइल घेऊन पलीकडं गेली. थोड्या वेळानं दोघांचंही घोरणं सुरू झालं. रविवारच्या दुपारी कराडात कुणी जागं नसतं.

मी पलंगावर पडून होते. मला तो मेसेज परत ऐकायचा होता. कुणी न हसता. पण तो माझा मला ऐकता येत नव्हता, आणि झोपलेल्या शालनला उठवून ‘परत वाच’ म्हणायची सोय नव्हती. एवढीशी गोष्ट. पण त्यावरून माझ्या मनात एकदम मागचं सगळं उलगडत गेलं. संघातली कितीतरी गुपितं माझ्या कानावरून गेलेली. कुणाचं कुणाशी जमलंय, कुणाचं पोट दुखतंय, कोण कुणाची जागा काढायला निघालाय. ऑपरेटरनं ऐकायचं नसतं, पण लाइन जोडताना पडतं कानावर. मी एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. आणि माझं स्वतःचं म्हणावं असं एकसुद्धा गुपित माझ्याकडं नव्हतं. माझी पत्रं वाचून दाखवलेली, माझे रिपोर्ट वाचून दाखवलेले, माझ्या कुलपाचा नंबर दुसऱ्याच्या स्कूटरचा.

आणि कालचा तो पत्र्याचा माणूस. त्याचं कामच सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचं. तोसुद्धा एका जागी येऊन गप्प बसला होता.

मी उठले. डबा चालू केला, सीडीचा खण बाहेर काढला, ठिपका वर आहे याची बोटानं खात्री केली आणि खण आत लोटला. इअरफोनची दोन्ही बोंडकं माझ्याच कानात. शिट्टी वाजली. एस. एंटर. घरघर. मला वाटलं नाही लागणार. मग तो आला, तसाच नाकातून, जसं काही काल काहीच झालं नव्हतं. भाषा कोणती?

या वेळी मी तोंडानं बोलले नाही.

एक एक उत्तर देत गेले. पासवर्ड म्हणाला तिथं थांबले. तोही थांबला. बाहेर हणमंत कूस बदलत होता, कुणाच्या तरी गच्चीवर पापड वाळत घातलेले उचलत होते, त्याचा कडकड आवाज येत होता. मी किती वेळ बसले सांगता येत नाही. मनात नंबर यायला लागले, सगळे लोकांचे. नावं आली, तीही सगळ्यांना माहीत असलेली. आईच्या माघारी माझ्यापाशी काय उरलं होतं की जे कुणी वाचून दाखवलं नव्हतं? शेवटी एक सापडलं. ते मी टाइप केलं. कानात काही वाजलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, पासवर्ड परत टाका. परत टाकला. परत गप्प. पन्नाशीला आलेली बाई, मटण खाऊन झोपायच्या वेळेला एका पत्र्याच्या डब्यासमोर बसून रडत होती. कुणी बघत नव्हतं ते बरं.

पुसू का, त्यानं विचारलं. पुसायला आता होतं काय? होय म्हटलं.

मग मात्र मी स्टुलाशेजारून हलले नाही. वायर जिथं भिंतीत जाते तिथं पाठ टेकून बसले. हणमंत उठला, दारात आला, मी बसलेली बघून उभा राहिला.

“परत लावलंस?”

“हात लावू नकोस.”

“तापलंय का?”

“तापू दे.”

तो तिथंच उभा राहिला. त्याच्या धंद्यातल्या माणसाला तापलेल्या डब्याशेजारी नुसतं उभं राहणं किती अवघड, ते आता मला कळतं. शालनच्या चहाची वेळ झाली तरी तो हलला नाही. शेवटी डबा स्वतःच बंद होऊन स्वतःच चालू झाला, एक बारीक सूर वाजला आणि आवाज म्हणाला, तुमचं नाव. मी, म्हणजे माझ्या बोटांनी, सांगितलं. पासवर्ड. सांगितला. उघडलं.

“झालं,” मी म्हटलं.

“दिसत तर काय न्हाई,” हणमंत म्हणाला, पण या वेळी हळू आवाजात.

सोमवारी त्यानंच डबा स्कूटरवर पुढं ठेवून नेला. माझ्याबरोबर साहेबांच्या केबिनमध्येही आला. शिपायानं पडदा आणून जोडला. तो साहेबांसाठी होता. खोलीत दूध पावडरचा आणि जुन्या कागदांचा वास, वर पंख्याची टकटक.

“घ्या,” घोरपडे साहेब म्हणाले आणि सांगायला लागले. एका गावच्या संस्थेकडून आंबट दूध येतंय, फॅट कमी लागतोय, आठ दिवसांत सुधारणा झाली नाही तर संकलन थांबवावं लागेल, आपला विश्वासू. मी टाइप करत गेले. कानात तो बोलत गेला. मराठी वाचायचा पण हेल हिंदी, आणि ‘ळ’ आला की अडखळायचा, नव्या सुनेसारखा. पण थांबला नाही. एकदाही मधेच मुका झाला नाही. प्रिंटरनं कागद ओढला, तो ओढतानाचा आवाज मला अजून आठवतो. मग साहेब वाचत राहिले.

“यात एक गोष्ट मी सांगितलेली नव्हती,” ते म्हणाले.

“कुठली?”

“तारीख. तुम्ही तुमच्या मनानं घातलीत.”

“पत्राला तारीख लागते, साहेब.”

ते हसले. खोकले नाहीत. “हे कुणी बसवून दिलं?”

“मीच बसवलं.”

“यांनी?” त्यांनी हणमंतला विचारलं. सवय.

हणमंत म्हणाला, “तिनंच, साहेब. मी तर मोडलं हुतं.”

आवक-जावकचं टेबल मला मिळालं. तिथल्या तिथं साहेबांनी सांगून टाकलं. उठताना म्हणाले, “तेवढा पासवर्ड भावाकडं लिहून ठेवा. विसरलात तर अडायला नको.”

“सांग आक्का,” हणमंतनं खिशातलं पेन काढलं, त्याची टिकटिक वाजली. “स्कूटरचाच ना?”

“नाही.”

“मग?”

“सांगायचा नाही.”

मी साहेबांकडं तोंड वळवून म्हटलं, “साहेब, संघाचं कुठलंही पत्र कधीही मागा, दोन मिनिटांत काढून देईन. त्याची एक प्रत फायलीला लावत जाईन. पण ते नाही सांगणार. कुणालाच नाही.”

“बरं, बरं,” साहेब म्हणाले. “राहू द्या.”

संध्याकाळी हणमंत न्यायला आला. स्कूटर चालू केली, पण गिअर टाकला नाही.

“मला बी न्हाई सांगणार?”

“नाही रे.”

“कुंभोजकराला?”

“त्यांनाही नाही.”

त्यानं गिअर टाकला आणि वाटेतला एकही खड्डा चुकवला नाही. त्याला लागलं होतं, आणि त्याला लागलं म्हणून मलाही वाईट वाटत होतं, पण सांगावंसं मात्र वाटलं नाही. घरी पोचलो. मी दमून पलंगावर पडले. स्वयंपाकघरात मोबाइल वाजला, मेसेजचा तो तुटक आवाज. शालनची पावलं निघाली, आणि हणमंतचा आवाज आला.

“ठिव ते खाली.”

“आवो, कुंभोजकरांचा आसंल.”

“आसू दे. तिचा हाय. दे तिला नेऊन.”

“त्यांनी कसा वाचायचा?”

“ते तिचं ती बघंल.”

शालननं मोबाइल माझ्या हातात आणून दिला. कोमट होता. त्यात माझ्या नावचं काहीतरी होतं, आणि या घरात ते अजून कुणी वाचलेलं नव्हतं. मी बराच वेळ तो नुसता धरून बसले. मग परसात गेले, दार ओढून घेतलं, आणि बोटांना पाठ असलेला सांगलीचा नंबर लावला.

“मेसेज आला तुमचा,” मी म्हटलं. “काय लिहिलंय?”

“का? आज वहिनींनी वाचला नाही?”

“नाही. कुणीच वाचलेला नाही.”

लाइनवर शांतता झाली. ऑपरेटरला शांतता ओळखू येते, तुटलेली कुठली आणि थांबलेली कुठली.

“मग सांगतो,” कुंभोजकर म्हणाले, आणि त्यांनी सांगितलं.

आतून शालननं विचारलं, “आक्का, कुणाचा फोन वो?”

“माझा,” मी म्हटलं.